जन्माचा दाखला

मंडळी, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. माझ्या मुलाला हा खटला शाळेत आहे. जेवताना म्हणाला, "बाबा, त्यांच्या बाजूने कोर्टात काय सांगितलं माहीत आहे? हे उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून गोऱ्यांत धरा!" तेवढ्यात भंडाऱ्याहून आईचा फोन आला. पुतण्यासाठी मुलगी पाहताहेत, गोरी आणि आपल्यातलीच हवी. पोरानं ते ऐकलं. घरात पेटलेला वाद अजून विझलेला नाही.

आपण मूळचे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले लोक. बौद्धपुरा गावाच्या कोणत्या टोकाला, धानाच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकायचं कोणी आणि मजुरी कमी कोणाला, हे आपल्याला शिकवावं लागलं नाही. खडीगंमतीत, म्हणजे आपल्याकडच्या तमाशासारख्या खेळात, बाईच्या वेषात नाचणाऱ्या नाच्यावर रात्रभर पैसे उधळायचे, सकाळी चौकात त्याच्याच चालण्याची नक्कल. आता मुलगा विचारतो, जात माणसांनी केली म्हणून मोडायची ना? रंगाचंही तेच. मग एखादा मुलगा म्हणाला, मला जन्मापासून मुलगेच आवडतात, तर जन्माचं तेवढं मानायचं का?

या प्रश्नानं माझी झोप उडवली. मला वाटतं, जन्माचा दाखला मागण्यातच घोटाळा आहे. थिंद यांच्याकडे तोच मागितला आणि त्यांनी तोच पुढे केला. कोणाची आवड जन्मजात असो वा नसो, त्यानं दुसऱ्याचं काही बिघडत नाही. जातीच्या आणि रंगाच्या उतरंडीनं मात्र कोणाचं तरी ताट हिसकावलं जातं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण सांगायचा हक्क दिला, २०१८ साली प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले.

आणि इथल्या आपल्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर अजून वर्ण, म्हणजे कातडीचा रंग, आणि पोटजात आहे! ऑफिसात कोणी आपल्या रंगावरून बोललं तर आपण तक्रार करतो, ती करायलाच हवी. मग हे रकाने कशाला? मोठी झालेली मुलं मंडळात येत नाहीत म्हणून आपण हळहळतो. त्यांतल्या कोणाला आपल्या जोडीदाराला इथे आणायची भीती वाटत असेल, तर ते आपल्याला कळणार कसं?

हे दोन रकाने काढायचा ठराव मी मांडतोय, पाठिंबा द्या. आईशी बोलणं मात्र बाकी आहे. तिनं ऐंशी ओलांडलीय, आणि तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.