शेजारच्या दालनातलं चित्र

नमस्कार.

आज या इमारतीत चार नवी प्रदर्शनं एकाच वेळी खुली होत आहेत. तळमजल्यावर लोखंडाची मांडणशिल्पं आहेत. वर गेलात की आधी एक व्हिडिओ, मग कागदावरची रेखाटनं आणि शेवटच्या दालनात रंगचित्रं. या चौघा कलावंतांनी कालपर्यंत एकमेकांचं काम पाहिलेलंही नव्हतं. प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे बोलता येईल, त्यांची ओळखपत्रकं तुमच्या हातात आहेतच. मला बोलायचं आहे ते त्यांच्या शेजाराविषयी. कोणतंही चित्र आपण कोऱ्या डोळ्यांनी बघत नाही. आधीच्या दालनातलं काहीतरी डोळ्यांत घेऊनच त्याच्यासमोर उभे राहतो.

मला नेहमी आठवतं ते २०१४ सालचं उदाहरण. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. त्याच्या दोनच आठवडे आधी तिथे ‘झीरो’ या गटाचं प्रदर्शन लागलं होतं. हाइन्झ माक आणि ओटो पीने यांनी १९५७ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात हा गट सुरू केला. पुढे १९६१ मध्ये ग्युंटर युकर त्यांना येऊन मिळाले. युद्धानं मोडून पडलेल्या देशातली ही तरुण मुलं. रॉकेट सोडताना आकडे उलटे मोजत शून्यावर येतात, तिथून त्यांनी हे नाव घेतलं. पीने धूर आणि आग वापरून चित्रं करत. युकर पांढऱ्या पृष्ठभागावर शेकडो खिळे ठोकत. आपण जागेवरून हललो की त्या खिळ्यांच्या सावल्यांचं रूप बदलतं.

आता गायतोंडे यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यांनी ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, हाती घेतले. रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, कागदाच्या तुकड्यांनी मधूनच रंग उचलायचा, खालचा थर वर येऊ द्यायचा. तिथला उजेड बाहेरून पडत नाही, रंगाच्या पोटातून येतो. युकर यांचे खिळे बघून कुणी या चित्रासमोर आलं, तर हा फरक सांगावा लागत नाही. एकाला उजेड बाहेरून हवा आहे, दुसऱ्यानं तो आत साठवला आहे. दोघंही साधारण त्याच वर्षांत, एकमेकांपासून फार दूर, चित्रातून ओळखीचे आकार काढून टाकत होते. गायतोंडे यांच्यावर मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्यांच्या चित्रातल्या उजेडाविषयी या शेजारानं जे दाखवलं, ते मला मोलाचं वाटतं. त्याच हिवाळ्यात वांग जियानवेई या चिनी कलावंताचं कामही तिथे होतं. त्याचा या दोघांशी धागा मला जुळवता येत नाही, आणि तो ओढूनताणून जुळवूही नये.

संग्रहालयाजवळ स्वतःचा साठा असतो. आजच्या प्रदर्शनाची गाठ पडली नाही तरी जुनी चित्रं भिंतीवर असतात. आपल्यासारख्या समकालीन कलेच्या जागेजवळ बहुधा साठाच नसतो. प्रदर्शन उतरलं की राहतात त्या लांबी भरलेल्या भिंती. म्हणून कोण कुणाच्या शेजारी आहे, याचा विचार इथे जास्त करावा लागतो. स्वित्झर्लंडमधली बर्न शहरातली कुन्स्टहाले ही अशीच जागा. १९६८ मध्ये तिला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बारा कलावंतांना बोलावून सगळी इमारत त्यांच्या हवाली केली होती. अकरा जणांनी आत काम केलं. बारावं काम क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याचं. त्यांनी २,४३० चौरस मीटर प्लास्टिकमध्ये अख्खी इमारतच गुंडाळली. दारासमोर एक चीर ठेवली होती, तिच्यातून लोक आत शिरत. म्हणजे त्या अकरा जणांचं काम ज्यानं ज्यानं पाहिलं, त्यानं ते बाराव्याच्या कामाच्या पोटात शिरून पाहिलं. विमा कंपन्यांनी जोखीम घ्यायचं नाकारलं, चोवीस तास पहारेकरी ठेवावे लागले. तो खर्च परवडेना, म्हणून आठवड्याभरात ते आवरण उतरवलं. आतली कामं तीच राहिली, पण आता ती साध्या दारातून शिरून बघायची होती. मला त्या दोन प्रकारच्या प्रेक्षकांचं फार कुतूहल वाटतं.

आता आपल्या वरच्या मजल्याकडे येते. मी बरीच वर्षं मांडणीचं काम करते आहे, आणि इथला क्रम ठरवताना आमचं बरंच डोकं लागलं. पहिल्या आराखड्यात व्हिडिओच्या लगत रंगचित्रं होती. व्हिडिओत एक खर्जातला घुमणारा आवाज आहे. तो भिंतीतून पलीकडे जात होता. चित्रं अगदी शांत आहेत, पण त्या आवाजात ती धमकावल्यासारखी दिसू लागली. हेडफोन लावावेत अशी सूचना आली. मी नको म्हटलं. तो आवाज पायांना जाणवायला हवा, हेडफोननं तो फक्त कानांपुरता उरला असता. शेवटी रेखाटनं मध्ये आणली. कागदाला उजेड मानवत नाही, पन्नास लक्सच्या आसपासच ठेवावा लागतो. उन्हातून थेट आत आलं, तर ते दालन अंधारं वाटतं आणि पेन्सिलीची फिकट रेघ दिसतच नाही. व्हिडिओच्या काळोखात दहा-बारा मिनिटं बसून आलात, तर तोच उजेड पुरेसा वाटतो. आम्ही हे आवाजासाठी केलं होतं. फायदा झाला तो रेघेला. हे आम्हाला रेखाटनं टांगून झाल्यावर कळलं.

म्हणून एक विनंती आहे. व्हिडिओ पूर्ण बघा, घाईनं पुढे जाऊ नका. आणि परतताना त्याच वाटेनं या, मागच्या जिन्यानं उतरू नका. आज सकाळी मी रंगचित्रांपासून उलटी चालत खाली आले. लोखंडाच्या त्या मोठ्या पत्र्यांवरचा गंज गेले आठ दिवस मी रोज बघत होते. आज तो मला रंगाच्या थरासारखा दिसला, खाली जुना काळपट, वर ताजा नारिंगी. मी थांबून जवळून पाहिलं. दालनं आठ वाजेपर्यंत उघडी आहेत.