पिन आणि बॉडी

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसपट्ट्यातील फ्युएल पंप दुरुस्तीच्या दुकानांत इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे भाग, येऊ लागतात. भरल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टर काळा धूर सोडतो, चढाला दम तोडतो, आणि पुष्कळदा इंजेक्टरचे टोक, म्हणजे नोझल, न खोलताच मालकाला नवा संच घ्यायला सांगितले जाते. आमच्या दुकानातल्या या टेबलावर मात्र आधी खोलणे, धुणे आणि तपासणे होते.

बोटाच्या पेराएवढ्या या नोझलच्या बॉडीत, म्हणजे बाहेरच्या कवचात, सुईसारखी पिन सरकते. पिन आणि बॉडी यांच्यातील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन असल्यामुळे प्रत्येक पिन आपल्याच बॉडीत चालते. चार नोझलांसाठी डिझेलच्या चार वेगळ्या वाट्या मांडल्या आहेत, त्या यासाठीच. टोकावरचा कार्बन पितळी ब्रशनेच काढायचा. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर येथे वर्ज्य आहे. भोके मिलिमीटरच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी असतात, त्यांत त्याहून बारीक तार हलक्या हाताने फिरवली जाते.

आता नीट पाहा. धुतलेली पिन स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून बॉडीत घातली, बॉडी तिरपी धरली, पिन एक-तृतीयांश बाहेर ओढून सोडली. कोणी न ढकलता, स्वतःच्या वजनाने ती सरसर खाली उतरून बैठकीवर टेकली. ती मध्येच अडकली असती, तर पुन्हा धुणे आले.

यानंतर टेस्टर, म्हणजे नोझलचा दाब तपासणारा हातपंप. हँडल दाबताच काटा चढतो आणि कंपनीने ठरवलेल्या दाबाला, अनेक ट्रॅक्टरांत सुमारे २०० बारला, कर्रकर्र आवाज करीत प्रत्येक भोकातून सारखे धुके सुटते. दाब कमी भरला तर स्प्रिंगवर शिम, म्हणजे पातळ चकती, वाढवतात. या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये, डिझेल कातडी भेदून आत शिरते. मग दाब २० बारने खाली ठेवून १० सेकंद थांबायचे. टोक कोरडे राहिले, तरच नोझल पास. टपकणारा नोझल तसाच बसवला, तर पुढे पिस्टन जळण्याची पाळी येते.

नव्या धाटणीच्या इंजिनांतील कॉमन रेलचे, म्हणजे एकाच सामाईक उच्चदाब नळीतून डिझेल घेणारे, इंजेक्टर हजार बारच्या कितीतरी वर चालतात, त्यांना हे हाताचे टेस्टर पुरत नाही. पण शेतातील असंख्य जुनी इंजिने अजून याच नोझलांवर चालतात, आणि जो भाग धुऊन, जुळवून पुन्हा कामाला लागतो तो भंगारात टाकणे आम्हाला मान्य नाही.

तांब्याचे वॉशर नवे घातले आहेत. पाइपातील हवा काढून झाली. आता स्टार्टर.