एक ड्रमसेट, एक डग्गा आणि दोन घोडे

सावत्र म्हटलं की आपल्याकडे लगेच डोळ्यांना पदर लागतो. सावत्र आई उपाशी ठेवणारी, सावत्र भाऊ सातबाऱ्यावर टपलेला. आज ‘स्टेप ब्रदर्स’ या इंग्रजी विनोदी चित्रपटावर बोलणार म्हणून सांगितलं, तर घरून मला जास्तीचा रुमाल मिळाला. (हशा)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. ब्रेनन 39 वर्षांचा, आईच्या घरी. डेल 40 वर्षांचा, बापाच्या घरी. ब्रेननची आई आणि डेलचे वडील उतारवयात लग्न करतात आणि हे दोन घोडे, म्हणजे विल फेरेल आणि जॉन सी. रायली, एका खोलीत येतात. डेलचा नियम एकच, माझ्या ड्रमला हात लावायचा नाही. अर्थात ब्रेनन लावतो. ‘एवढा घाम कसला आलाय?’ ‘टीव्ही बघत होतो.’

इथे मला आमचा मावसभाऊ आठवला. अकरावीला आमच्याकडे राहायला आला. कपाटातला खालचा खण गेला, खिडकीजवळची कॉट गेली, मी गप्प. पण माझा तबला! मी क्लासला जायचो. हात बेताचाच होता, पण जायचो. एक दिवस घरी येतो तर डग्ग्याच्या शाईवर पेल्याचं गोल वळं उमटलेलं. विचारलं तर म्हणे, ‘पावसाची ओल आली असेल.’ मे महिन्यात! आई म्हणाली, ‘जाऊ दे रे, पाहुणा आहे.’ तीन वर्षं राहिला हा पाहुणा. आज मी 58, तो 57. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना मी सहज विषय काढला. रागानं उठून गॅलरीत गेला. चकल्यांची ताटली मात्र विसरला नाही.

हो, मिळाली चिठ्ठी. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत.

अ‍ॅडम मॅकेचा हा चित्रपट जुलै 2008 मध्ये लागला. सप्टेंबरात अमेरिकेतली बडी बँक लीमन ब्रदर्स बुडाली. तेही ब्रदर्सच! 2015 मध्ये याच मॅकेनं त्या पडझडीवर ‘द बिग शॉर्ट’ केला, पटकथेचं ऑस्कर घेतलं, आणि लोक म्हणाले, चला, बाबा गंभीर झाला एकदाचा. मला हे अजिबात मान्य नाही. दोन्हीकडे तोच प्रश्न आहे : आपण शहाणा कोणाला म्हणतो? ब्रेननचा धाकटा भाऊ डेरेक बघा. हेलिकॉप्टरचा धंदा, कडक इस्त्री. गाडीत बायकोमुलांकडून गाणं बसवून घेतो आणि सूर लागला नाही म्हणून बायकोला झापतो. घरात शहाणा कोण, तर हा. त्या दोघांनी काय बुडवलं? बापाची एक बोट. सुटातल्यांनी काय बुडवलं ते ‘बिग शॉर्ट’मध्ये पाहा.

आणि शेवटी पोरं सुधारतात, नोकऱ्या धरतात, तर ते बापालाच बघवत नाही. लहानपणी त्याला डायनासोर व्हायचं होतं. वडील म्हणाले पुरे, हा डॉक्टर झाला. पुढे डायनासोर व्हायला गेला तर जमेना. हे तो ऐन समारंभात, गंभीर चेहऱ्यानं सांगतो. रुमाल लागला तर तिथे लागतो.

घड्याळ दाखवताहेत, थांबतो. डेरेकच्या बायकोच्या भूमिकेतल्या कॅथरीन हानबद्दल एक शब्द बोललो नाही, हा मात्र अन्याय झाला.