ओव्हरफ्लो

(दृश्य : उभी मोटरसायकल, खाली फरशीवर ओला डाग)

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या ओव्हरफ्लो नळीतून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून, रात्रभर थेंब थेंब पेट्रोल पडलंय, त्याचा हा डाग. गाडी जुनी स्प्लेंडर, ९७.२ सीसी. सकाळी किक मारून पाय दुखतो, ॲव्हरेज उतरलंय, सायलेन्सर काळा धूर सोडतोय.

(दृश्य : प्लग, अगदी जवळून)

स्पार्क प्लग बघा. कोरडी, काजळीसारखी काळी पूड. बोटाला लागते, पण तेलकट नाही. तेलकट असती तर पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील बघावे लागले असते. हा जास्तीच्या पेट्रोलचाच मामला.

अशा गाडीला हल्ली पहिला सल्ला मिळतो, "कार्बोरेटरच बदला." १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, नव्या गाड्या कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, आणि कार्बोरेटर उघडून बघायची सवयही सुटत चालली. उघडून बघू.

पेट्रोल कॉक बंद. कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठवणारी वाटी असते. तिचा खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्यायचं. तळाशी फिरणारे ते गोल थेंब पाण्याचे. लालसर कचरा टाकीच्या गंजाचा.

वाटीच्या स्क्रूंची फुली जपानी मापाची असते. साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही. जोर लावला की निसटतो आणि डोकं गोल करून ठेवतो. खाचेत घट्ट बसणारा घ्या.

(दृश्य : फ्लोटची पिन निघते, फ्लोटसोबत नीडल लटकते)

वाटीत पेट्रोल चढतं तसा फ्लोट, म्हणजे हा पोकळ तरंगता तुकडा, वर येतो आणि नीडलला सीटमध्ये, म्हणजे पेट्रोल आत येण्याच्या भोकात, दाबतो, की पेट्रोल बंद. सगळा हिशेब नीडलच्या या रबरी टोकावर. भिंगाखाली धरलं की टोकाभोवती एक चकचकीत रेघ दिसते. तिथे नख अडकलं तर नीडल गेली. रेघ नसेल तर दोष बहुधा सीटमधल्या कचऱ्याचा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं मेटल पॉलिश लावून सीट आतून फिरवून पुसायची, मग पेट्रोलनं धुवायची.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय. जड फ्लोट नीडल बंदच करू शकत नाही. चीर शोधायला कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडा जागा दाखवतो.

एक जागा सगळेच विसरतात. वाटीत उभी असलेली ही ओव्हरफ्लोची पितळी नळी. हिला केसाएवढी चीर असली तर नवी नीडल टाकूनही गळती तशीच राहते. वाटी सुटी धरून नळीच्या तोंडाखालपर्यंत पेट्रोल भरा. खालचं टोक कोरडं राहिलं पाहिजे.

(दृश्य : जेट उजेडासमोर)

आता जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे हे बारीक भोकाचे पितळी तुकडे. भोक साफ गोल दिसलं पाहिजे. कंप्रेसरची हवा मारा, कार्बोरेटर क्लीनर वापरा. तार घालू नका. पितळ मऊ असतं. तारेनं भोक मोठं झालं की जेटवरच्या नंबराला अर्थ उरत नाही आणि ती गाडी कायम जास्तच पिणार. कितीतरी चांगले कार्बोरेटर या एका तारेनं गेलेत.

गळती नाही, तरी प्लग काळा? मग आधी थंड गाडी सुरू करताना हवा अडवणारी चोकची पट्टी पूर्ण उघडते का आणि एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा. दोन्ही ठीक असतील तर रेस किती दिली ते कळायला रेसच्या ग्रिपवर चिकटपट्टीनं खुणा करून गाडी चालवा. अगदी कमी रेसला धूर, तर स्लो जेट किंवा कमी रेसची हवा ठरवणारा एअर स्क्रू. पाव ते पाऊण रेसला, तर रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडमधली लांब नीडल (फ्लोटची नव्हे, ही वेगळी) आणि तिच्या घासण्यानं अंडाकृती झालेलं तिच्या जेटचं भोक. फुल रेसला, तर मेन जेट.

वाटीची ओ-रिंग पेट्रोलनं फुगून खाचेत बसत नसेल तर रात्रभर वाळू द्या, बरेचदा आकसून बसते. चिरली असेल तर नवीच लागेल.

(दृश्य : पारदर्शक नळी वाटीच्या बाजूनं वर धरलेली)

कार्बोरेटर बसवला. ड्रेनच्या टोकाला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक वर. ड्रेन स्क्रू उघडा, मग कॉक चालू. नळीत दिसते तीच वाटीतली पातळी. ती वाटीच्या सांध्याच्या थोडी खाली येऊन थांबायला हवी. हळूहळू वर सरकत राहिली तर नीडल अजून बसत नाहीये.

गळतं पेट्रोल इंजिनातही उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला.

इंजिन गरम करा. एअर स्क्रू हलक्या हातानं आत टेकवून दीड फेरी बाहेर. तिथून थोडं इकडेतिकडे करत रेस सगळ्यात जास्त लागेल तिथे थांबा, आणि आयडल, म्हणजे रेस न देता चालणारा वेग, १४०० आरपीएमच्या आसपास आणा. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो. तिथे गणित उलटं : बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं.

(दृश्य : तोच प्लग, साफ करून चालवल्यानंतर. रंग बिस्किटासारखा.)