पावसाळी गावातलं अंजीर

(दृश्य: अंगणातलं झाड, वर आभाळ भरलेलं)

बेलापूर. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं हे एक अंगण. जुलै चालू आहे. अंजिराच्या खालच्या पानांवर पिवळट ठिपके दिसतायत. पान उलटलं, की तपकिरी भुकटी बोटाला लागते. हा तांबेरा.

तांबेरा म्हणजे बुरशी. तिला रुजायला ओलं पान लागतं, आणि ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर पान सुकतंच कुठे? पुरंदर तालुक्यात, दिवे-सोनोरीच्या शिवारात, वर्षभरात जेवढा पाऊस होतो, त्याहून जास्त इकडे साधारणपणे एकट्या जुलैत कोसळतो. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर त्या कोरड्या, पर्जन्यछायेतल्या हवेवर पोसलेलं आहे. ऊन या झाडाला सोसतं. त्याला सोसत नाही ती पानावरची आणि मुळाशी साचलेली ओल.

म्हणून इथे पहिलं काम मुळांचं. नवी मुंबईत कितीतरी ठिकाणी जमीन भरावाची आहे, पाणी मुरता मुरत नाही. अशा जागी खड्डा खणण्यापेक्षा उंच वाफा किंवा अर्धा कापलेला ड्रम बरा. तळाला मोठी भोकं, खाली विटांचा आधार. मिश्रणात माती, शेणखत, भरड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या, फार लवकर लागतात. कुंडी बदलताना मुळांवर गाठी दिसल्या, तर ती माती दुसऱ्या झाडाला वापरू नका.

(दृश्य: ठाणे, नौपाड्यातली गच्ची, काकू बादलीत चुना कालवतायत)

नौपाड्यातल्या या काकू पावसाआधी आणि नंतर उघडीप मिळेल तेव्हा बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात. एक टक्क्याचं प्रमाण असं: एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि दहा ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळं, प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडलाय. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं; शिळं कामाचं नाही. गळालेली रोगट पानं झाडाखाली कुजू देऊ नका, ती उचलून टाका.

एवढं करूनही ऑगस्टमध्ये झाड बोडकं दिसेल. घाबरू नका. पानं गेली म्हणजे झाड गेलं, असं नाही. पावसात धरलेल्या फळांचा मोहही सोडलेला बरा. अंजिराच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं, डोळा म्हणतात त्याला. तिथून पाणी शिरतं, फळ फुटतं, आंबतं, मुंग्या लागतात.

एक शंका इथे हमखास निघते. उंबरात केंबरं असतात, मग त्याच्याच जातकुळीतल्या अंजिरालाही फळ धरायला कीटक हवा असतो का? उंबराचं परागीभवन त्या चिमुकल्या गांधीलमाशीशिवाय होत नाही, हे खरं. पण आपल्याकडे लावतात ते पुना अंजीर परागीभवनाशिवायच फळ धरतं. एकटं झाडही पुरतं.

खरी वेळ येते ती पाऊस परतल्यावर. ऑक्टोबर अखेर छाटणी. अंजिराचं मुख्य फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे हात आखडता घेऊ नये. हातमोजे मात्र हवेत. याचा चीक अंगावर पडून ऊन लागलं, तर कातडी भाजल्यासारखी होते. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कुंडीत खोचल्या, की त्यांनाही मुळं फुटतात.

छाटणीपासून साधारण चार-साडेचार महिन्यांत फळ तयार होतं, म्हणजे मार्च-एप्रिल. या हंगामाच्या पिकालाच मीठा बहार म्हणतात. तेव्हा पाणी नियमित, पण बेताचं द्या. बुलबुल आणि तांबट तुमच्याआधी हजर होतील, म्हणून फळांना मलमलच्या पिशव्या बांधा.

(दृश्य: फळाचा जवळून घेतलेला शॉट)

पिकलेलं अंजीर मान टाकतं, मऊ पडतं, आणि देठाशी मोडल्यावर चीक जवळजवळ येत नाही. तोपर्यंत झाडावरच ठेवा. कच्चं तोडलेलं अंजीर आंब्यासारखं अढीत घालून गोड होत नाही.