मार्गे माणगाव

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बायपास आणि आपल्या गावाचे भवितव्य’. त्यातले भवितव्य कार्यवाहांचे. मी दिलेला विषय एका शब्दाचा होता, ‘मार्गे’. ते म्हणाले, एवढ्याशाने पत्रिका भरत नाही.

एकतीस वर्षे मी एसटीत काढली. त्यातली शेवटची सोळा इथे, स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीत. त्या खिडकीतून माणसे कमी दिसतात, गाडीच्या कपाळावरची पाटी जास्त दिसते. मुंबई–श्रीवर्धन, आणि खाली बारीक अक्षरांत, मार्गे माणगाव. ठळक अक्षरांत आपले नाव थोड्याच गाड्यांवर, बारीक अक्षरांत मात्र येईल तिच्यावर. कोणी म्हणतो, गाव वाढले तालुका कचेरीमुळे, कोर्टामुळे, रेल्वेमुळे. मी म्हणतो, ‘मार्गे’मुळे वाढले. गाडी दहा मिनिटे थांबणार म्हणून चहा. चहाबरोबर वडा. वडा बांधून द्यायचा म्हणून रद्दीवाला. चहानंतर जी सोय लागते तिच्याबद्दल मात्र स्टँडवर एवढी वर्षे काढलेल्या माणसाने बोलू नये.

आता मुंबई–गोवा हायवेचा बायपास सुरू झाला, की राजापूरची गाडी आपल्याला वळसा घालून जाणार. पाटीवरचे बारीक अक्षर पुसले जाणार. एवढेच मला सांगायचे होते, पण मला पाऊण तास दिलाय.

बायपास नको म्हणणारा मी नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या चौकात मला कोणी रस्ता ओलांडू द्यायचे नाही. तसा तो आजही ओलांडता येत नाहीच. माझ्या पुतण्याच्या लग्नाची गोष्ट तुमच्यापैकी निम्म्यांनी ऐकलेली आहे. उरलेल्यांसाठी सांगतो. मे महिना, रविवार. जानवसा हायवेच्या अलीकडे, कार्यालय पलीकडे. मध्ये मोजून चाळीस पावले. मुहूर्त बारा सदतीसचा. साडेअकराला वरात निघाली आणि हायवेला येऊन थांबली. ट्रकला लागून लक्झरी, लक्झरीला लागून टेम्पो, मांजर जायला फट नाही. नवरा घोडीवर. घोडीवाला म्हणाला, घोडी आडवी होत नाही, नवरदेवाला करा. मग नवरा उतरला, मुंडावळ्या दातांत धरल्या आणि दोन बंपरांच्या मधून खेकड्यासारखा सरकला. बँडवाले मागेच राहिले. ते जागीच वाजवायला लागले, तसा लक्झरीतून बर्म्युडा घातलेला एक चाकरमानी उतरला आणि नाचायला लागला. चार तास गाडीत बसून त्याचे पाय आखडले होते, त्याचे काय चुकले? नाचत नाचत तो कार्यालयात शिरला, अक्षता टाकल्या, पहिल्या पंगतीला जेवला, एक्कावन्न रुपये अहेर केला, पान खाऊन परत आला. त्याची गाडी अजून पेट्रोल पंपाच्या पुढे गेली नव्हती. अल्बममध्ये त्याचे तीन फोटो आहेत. मुलीकडच्यांना वाटते आमच्यातला, आम्हाला वाटते त्यांच्यातला.

वरात हसण्यावारी जाते. ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा हसता येत नाही. म्हणून बायपास हवा, आणि कालच हवा होता. याच हायवेच्या चौपदरीकरणाचे पनवेल–इंदापूर ८४ किलोमीटरचे काम २०११ साली निघाले. (इंदापूर म्हणजे आपले रायगडातले, पुणे जिल्ह्यातले नव्हे. ‘इंदापूरला अडकलोय’ म्हटले की पुण्याचे पाहुणे विचारतात, सोलापूर रस्त्यावर कशाला गेलात?) तेव्हापासून आपण ‘गणपतीच्या आधी’ हे ऐकतो आहोत. कुठल्या गणपतीच्या, ते कोणी विचारत नाही.

करायचे म्हटले तर होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल गेला. त्यात आपल्या दोन गाड्या गेल्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. महाड गेले की पुढे माणगाव. आम्ही स्टँडवाले त्या रात्रीबद्दल एकमेकांशीसुद्धा फार बोलत नाही. नवा पूल पुढच्या जूनमध्ये उभा राहिला, १६५ दिवसांत. ते १६५ दिवस माझ्या डोक्यात बसले आहेत. इथे कोणी तारीख दिली की मी तिला १६५ ने भागतो.

असो. आता दुसरी गोष्ट, ती माझ्या बहिणीची. खाली दक्षिणेकडे एका गावात तिचे सासर. गावाचे नाव घेत नाही, तिकडची मंडळी इथे बसली आहेत. तिथे आपल्याआधी बायपास झाला. बहिणीचे वय अडुसष्ट, हातात पिशवी, फणसाचा अर्धा भाग पोत्यात बांधलेला. खाजगी लक्झरी. पहाटे तीनला क्लीनर म्हणाला, मावशी, तुमचे गाव आले. ती उतरली. गाडी गेली. पाहते तर गाव कुठेच नाही. डोक्यावर पूल, दोन्हीकडे काळोख आणि कुत्री. तिने मुलाला फोन लावला. तो विचारतो, आई, पुलाच्या कुठल्या बाजूला आहेस? ती म्हणाली, मला काय ठाऊक, वर पूल आहे आणि खाली मी आहे. तो स्कूटर घेऊन निघाला तो नेमका पलीकडच्या बाजूला पोचला. मधे दुभाजक. ती दिसत होती, फणस दिसत होता, पण वळायला तीन किलोमीटर पुढे जायचे. शेवटी ती दुभाजक ओलांडायला निघाली तेव्हा तो तिकडून ओरडला, आई, फणस टाक! तिने फणस टाकला नाही. सगळे वाचले, फणससुद्धा. पण त्या दिवसापासून ती लक्झरीत बसत नाही. पंचवीस वर्षे ज्या स्टँडवर ती उतरली, त्या स्टँडच्या चहावाल्याने मला विचारले, तुमची बहीण आजारी आहे का हो?

हे आपल्याला नवे नाही. १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे सुरू झाली, तेव्हा महाडकर खूश होते. मग कळले की गाडी महाडला येत नाही, महाडकरांनी वीरला जायचे. आजही जातात. आपले स्टेशन गावाला लागून आहे हे आपले नशीब.

आणि पाटी. बायपासच्या तोंडावर मोठी निळी-हिरवी पाटी लागेल, ‘माणगाव’ आणि बाण. शंभराच्या वेगात येणाऱ्याला कळणार कसे, हे कुठले माणगाव? १९२० साली जिथे शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर बसले ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यात. टेंब्येस्वामींचे माणगाव कुडाळजवळ, आणि तेही याच हायवेने पुढे! दत्तभक्त इथे उतरून देऊळ विचारत आलेले मी स्वतः पाहिले आहेत. एकाला तर मी जेवूनही पाठवले.

चिठ्ठी आली. ‘आटोपते घ्या’. म्हणजे भवितव्यासाठी पाच मिनिटे.

भराभर सांगतो. आपण सगळे समजतो की कोंडी गोव्याच्या रस्त्यामुळे आहे. अर्धीच. आपले गाव उभ्या रस्त्यावर नाही, चौकात आहे. ताम्हिणी उतरून निजामपूरवरून येणारा पुणेकर मोर्बा, म्हसळा करत दिवेआगरला, श्रीवर्धनला जातो. त्याला उभे नाही, आडवे जायचे आहे. त्याला बायपासचा काय उपयोग? तो शनिवारी सकाळी आपल्या गावातूनच येणार आणि रविवारी संध्याकाळी आपल्या गावातूनच परत जाणार. म्हणजे दुकानदारांनी उद्यापासून उपाशी मरू असे समजू नये, आणि बाकीच्यांनी रस्ता मोकळा झाला असेही समजू नये. चौकातल्या हातगाड्या, रिक्षा आणि आपल्या स्वतःच्या आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली, यांना बायपास हलवणार नाही.

दुसरे, गाड्या. लांब पल्ल्याची गाडी स्टँडवर येणार की वरच्यावर जाणार, हे आत्ता ठरते. एकदा वेळापत्रक बसले की मग अर्ज करत बसा. मागायचे ते आता मागा. निदान दिवसाच्या गाड्या आत याव्यात. रात्रीच्या वरून गेल्या तर जिथे उतरवतील तिथे, दोन्ही अंगांना, छप्पर, दिवा, खाली उतरायला जिना आणि पहाटे तीनला असणारी रिक्षा. पुलाखाली उतरलेल्या बाईला गाव कुठल्या बाजूला ते दिसेल, एवढा तरी एक बाण. हे नकाशात नसेल तर डांबर पडायच्या आत नकाशात घाला. डांबरावर घालता येत नाही. प्रसाधनगृहाबद्दल मी बोलणार नव्हतो, पण तेही.

तिसरे राहिलेच, वड्याचे. ते चहाच्या वेळी सांगतो.

मोर्ब्याकडची मंडळी घड्याळ बघताहेत. शेवटची गाडी पावणेनऊची. ती अजून आपल्या स्टँडवरूनच सुटते, तीन नंबरच्या फलाटावरून. निघा, मी कंट्रोलरला फोन करून दोन मिनिटे थांबवतो.