मुदत संपलेला रोल आणि सोमवतीचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या भागातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओनं गेल्या वर्षी गाशा गुंडाळला. आवराआवर चालली होती, मी सहज डोकावलो, तर स्टुडिओवाल्या काकांनी पाच रोल माझ्यापुढे सरकवले. "घेऊन जा. नाहीतर उद्या भंगारात जातील." २०० स्पीडचे, म्हणजे रोल किती चटकन उजेड टिपतो त्याचा आकडा २००, ३६ फोटोंचे रंगीत रोल. खोक्यावर मुदत छापलेली, २००४. त्यातले तीन लोखंडी कपाटात पडून होते आणि दोन दर्शनी शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली. हे मी लक्षात ठेवलं नसतं, पण काकांनी शोकेसमधल्या दोन्हींवर पेनानं फुली मारून दिली होती. का, ते नंतर कळलं.

माझ्याकडे कॅमेरा होता व्हिविटारचा अल्ट्रा वाइड अँड स्लिम. नाव भारदस्त, वजन साबणाच्या वडीइतकं. लेन्ससकट सगळा प्लॅस्टिकचा. बॅटरी नाही, फोकस फिरवायची सोय नाही. लेन्स २२ मिलिमीटरची, म्हणजे साधारण काटकोनात जेवढं मावेल तेवढं सगळं फोटोत. उजेड आत यायचं छिद्र कायम एफ ११ (हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), शटर कायम सेकंदाचा १२५वा भाग. ऊन असो की ढग, कॅमेरा आपला हट्ट सोडत नाही. वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीला निदान ऊन आणि ढग अशा खुणा तरी होत्या!

आता थोडा हिशोब करू, कंटाळू नका. लख्ख उन्हात छिद्र १६वर ठेवलं, तर शटरचा वेग रोलच्या आकड्याइतका ठेवायचा, हा जुन्या फोटोग्राफरांचा आडाखा. २०० चा रोल, तर सेकंदाचा २००वा भाग. माझ्या कॅमेऱ्याचं छिद्र त्याहून मोठं आणि शटर त्याहून मंद. म्हणजे उन्हात हा पठ्ठ्या रोलला हवा त्याच्या सव्वातीन पट उजेड देतो. ताज्या रोलवर ही उधळपट्टी झाली असती. पण रोल जुना झाला की त्याची नजर मंदावते. दर दहा वर्षांना उजेड दुप्पट करावा, असं म्हणतात. वीस वर्षांचे झाले चौपट. एकाला चारपट हवा, दुसरा सव्वातीन पट देतो. अधू रोल आणि हट्टी कॅमेरा, पत्रिका जुळली. अट एकच, ऊन कडक हवं.

तरी आधी फुलीवाला एक रोल घराच्या गच्चीवर संपवला. धुऊन आला, तर फोटो भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखे राखाडी. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उष्णतेनं त्यातले काही उजेड न लागताही हळूहळू बिघडतात आणि रसायनात टाकले की आपण होऊन काळे पडतात. सगळ्या निगेटिव्हवर धुकं धरतं. दोन्हीकडे साल तेच, २००४, पण शोकेसमधली वीस वर्षं कपाटातल्यापेक्षा कितीतरी लांब होती. फुलीवाला दुसरा मी रोल भरायच्या सरावाला ठेवून दिला.

कपाटातला एक घेऊन सोमवती अमावस्येला जेजुरी गाठली. तिथे हा कॅमेरा नेण्याचं खरं कारण भंडारा. पालखी गडावरून कऱ्हेकडे निघते तेव्हा हळदीचे लोट उठतात, आणि महागडे कॅमेरेवाले आपापली यंत्रं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, फक्त भिंग बाहेर काढून उभे असतात. माझं भिंग शर्टाच्या टोकानं पुसलं की झालं.

२२ मिलिमीटरची लेन्स लांबचं काहीच घेत नाही. दीपमाळ काडेपेटीतल्या काडीएवढी दिसते. त्यामुळे माणसाच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर जावं लागतं. समोरच्यानं मूठ वर केली, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाला आणि मूठ उघडली. मी दाबलं. फोटोत त्याचा पंजा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा आला आहे.

वडिलांची शिकवण होती, फोटो काढताना ऊन पाठीवर घे. ती पाळली आणि फसलो. इतक्या रुंद लेन्सला सकाळी पाठीवर ऊन घेतलं की आपलीच लांब सावली पायऱ्यांवर आडवी पडते. पहिल्या सहा-सात फोटोंत भाविकांच्या गर्दीत मीच मुख्य भाविक आहे. मंडपातल्या सावलीत काढलेले तर गेलेच. तिथे हिरवट चिखल आहे, त्यात कुठेतरी माणसं असावीत.

रेडिओवरून फोटो दाखवता येत नाहीत, तेव्हा उन्हातले सांगतो. रंगीत फिल्मला तीन थर असतात आणि ते सारख्या वेगानं म्हातारे होत नाहीत, म्हणून रंगांचा तोल जातो. माझ्या रोलवर आभाळ जांभळट झालंय. पायऱ्यांचा दगड गुलाबीकडे झुकलाय. कडा मऊ, चारही कोपरे अंधारलेले. आणि भंडारा? पिवळाच, पण ताजा नाही. देव्हाऱ्यातल्या जुन्या पुडीत उरतो ना, तसा मातकट पिवळा. शिवाय अठराव्या फोटोपासून शेवटपर्यंत एक बारीक आडवा ओरखडा आहे. चहाच्या टपरीवर मी पाठीमागचं झाकण उघडून रोल पाहायचा मूर्खपणा केला होता. दोन फोटो तर तिथेच जळाले, आणि वर हळदीचा एखादा कण आत शिरला असणार. तो पुढे प्रत्येक फोटोवर रेघ ओढत राहिला.

प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. वाटलं, रंगांवर काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मुठीचा फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला.

"खालच्या कोपऱ्यात बोट आलंय तुमचं."

खरंच आलं होतं. कॅमेरा इतका चपटा की धरायचा कुठे, हाच प्रश्न.

"उरलेले दोन कुठे ठेवलेत?"

"फ्रिजमध्ये. खोबऱ्याच्या डब्याशेजारी."

"बरं. बाहेर काढलात की लगेच डबी उघडू नका," प्रिंट परत देत ते म्हणाले. "दोनेक तास तशीच राहू द्या. नाहीतर दव धरतं."